मशीन चालू होतं, पण सर्व्हरवरचं फोल्डर येत नाही: बूटच्या वेळचं एनएफएस माउंट दुरुस्त करताना

आमच्या ऑफिसात पाच लिनक्स मशीन आहेत आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. सगळ्यांचं काम सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरात राहतं आणि ते फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याची पद्धत) प्रत्येक मशीनवर जोडलेलं असतं. एरवी सगळं सुरळीत चालायचं. पण रात्री वीज गेली आणि सकाळी आली की सर्व्हर आणि पाचही मशीन एकदमच उठायची, आणि थोड्या वेळात टेबलावरून हाक यायची, "सर, कालचं काहीच दिसत नाहीये. फोल्डर रिकामं आहे."

फाइली जागच्या जागीच असायच्या, फक्त माउंट झालेलं, म्हणजे मशीनला जोडलेलं नसायचं. बरेच दिवस मी हाताने माउंट करून द्यायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. मग एका सहकारी मुलीचं दोन दिवसांचं काम भलत्याच डिस्कवर साठलं (तो प्रकार पुढे सांगतो) आणि मी हा विषय मुळापासून हातात घेतला. तेव्हा लक्षात आलं की अशा वेळी एनएफएस बहुतेकदा ठणठणीत असतं. चुकलेला असतो तो उठण्याचा क्रम. कोण आधी जागं झालं, कोण कोणासाठी थांबलं आणि कोण थांबलंच नाही, एवढं सापडलं की दुरुस्ती एका ओळीची असते.

लेखातल्या कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायची; मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे. सगळी उदाहरणं सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्सची आहेत, म्हणजे डेबियन, उबुंटू, फेडोरा वगैरे. उदाहरणातल्या सर्व्हरचं नाव भांडार, त्याच्यावरचं फोल्डर /एसआरव्ही/काम, आणि ते आपल्या मशीनवर /एमएनटी/काम इथे हवं आहे. काय कुठे माउंट करायचं याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत असते. तिच्यातली ओळ अशी:

भांडार:/एसआरव्ही/काम  /एमएनटी/काम  एनएफएस  डिफॉल्ट्स  ०  ०

हात लावण्याआधी या फाइलीची एक प्रत काढून ठेवा. इथली चुकीची ओळ मशीनला बूटच होऊ देत नाही, असंही घडतं.

पहिली पायरी: एकच प्रश्न

मशीन चालू करा, लॉगिन करा, दोन मिनिटं थांबा आणि ही कमांड द्या:

सुडो माउंट -ए

ही कमांड एफएसटॅबमधल्या, अजून माउंट न झालेल्या सगळ्या ओळी आत्ता माउंट करते. फोल्डर आलं, तर सर्व्हर, परवानग्या, फायरवॉल, ओळीतलं स्पेलिंग, सगळं बरोबर आहे; दोष फक्त वेळेचा. फोल्डर आलं नाही, तर बूटचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण जे दुपारी बारा वाजता माउंट होत नाही ते बूटच्या वेळी कुठून होणार?

हा एक प्रश्न आधी विचारला नाही तर माणूस दोन्हीकडे एकदम खणत बसतो. सर्व्हरवरची एक्सपोर्टची (कोणतं फोल्डर कोणाला द्यायचं त्याची) फाइल बदलतो, इकडे एफएसटॅबमध्ये तीन ऑप्शन वाढवतो, आणि शेवटी कशाने काय झालं ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग रीबूट.

हातानेही माउंट होत नसेल तर

इथे एररचा मजकूर नीट वाचला की निम्मं काम होतं.

"बॅड ऑप्शन" म्हणत मदतनीस प्रोग्रॅम हवा असं सुचवणारा एरर आला, तर एनएफएसचं पॅकेजच बसवलेलं नाही. डेबियन आणि उबुंटूवर ते एनएफएस-कॉमन, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात एनएफएस-युटिल्स. नव्याने लिनक्स टाकलेल्या मशीनवर हे हमखास राहून जातं.

"ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर" असेल तर सर्व्हर भेटला, पण त्याने आत घेतलं नाही. सर्व्हरच्या /ईटीसी/एक्सपोर्ट्स फाइलीत आपल्या मशीनचा आयपी किंवा नेटवर्क आहे का बघा, आणि बदल केल्यावर तिथे एक्सपोर्टएफएस -आरए द्यायला विसरू नका. त्या फाइलीतल्या मोकळ्या जागेला फार महत्त्व आहे. पत्ता आणि त्याला चिकटलेला कंस यांच्यामध्ये एक स्पेस पडली, तर कंसातले ऑप्शन त्या पत्त्याला लागू न होता साऱ्या जगाला लागू होतात.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही; सर्व्हरवरची एनएफएस सेवा बंद असावी. "कनेक्शन टाइम्ड आउट" आला तर संशय फायरवॉलवर घ्या, नाहीतर चुकीच्या आयपीवर. पोर्ट उघडं आहे का ते असं कळतं:

एनसी -झेडव्ही भांडार २०४९

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला हे एकच पोर्ट पुरतं. तिसऱ्या आवृत्तीला १११ क्रमांकाचं पोर्ट आणि माउंटडीसारख्या सोबत्यांची पोर्ट्सही लागतात. म्हणून जमत असेल तर सरळ चौथी आवृत्ती वापरा. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: शोमाउंट -ई ही कमांड त्या जुन्या सोबत्यांच्या भरवशावर चालते. फक्त चौथी आवृत्ती देणाऱ्या सर्व्हरवर ती अपयशी ठरते, पण माउंट मात्र व्यवस्थित होतं. तेव्हा तिच्या एररवरून सर्व्हर बिघडला असं ठरवू नका.

हाताने माउंट झालं की रीबूट करून पाहा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल.

हाताने होतं, बूटला होत नाही: आधी लॉग वाचा

एफएसटॅब ही जुनी फाइल असली तरी ती आता सिस्टमडी वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट बनवतो (युनिट म्हणजे सिस्टमडीच्या हिशेबातलं एक काम). /एमएनटी/काम याचं युनिट एमएनटी-काम.माउंट या नावाने बनतं. मधला तिरका दांडा आडव्या रेघेत बदलतो. फोल्डरच्या नावातच आडवी रेघ असेल तर युनिटचं नाव विचित्र दिसतं. मग ते तोंडाने जुळवण्यापेक्षा सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट आणि पुढे फोल्डरचा पूर्ण मार्ग, असं विचारून घ्या.

आता या बूटमध्ये त्या युनिटचं काय झालं ते बघू:

जर्नलसीटीएल -बी -यू एमएनटी-काम.माउंट -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक

शेवटच्या ऑप्शनमुळे घड्याळाच्या वेळेऐवजी बूट सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतात, आणि आपल्याला तेच हवेत. मग -यूचा भाग काढून पूर्ण लॉग याच पद्धतीने बघा आणि नेटवर्क कोणत्या सेकंदाला आलं ते शोधा. आमच्या एका मशीनवर चित्र असं होतं: ६.४१ सेकंदाला माउंट सुरू. ६.४३ ला "नेटवर्क इज अनरीचेबल" आणि युनिट फेल. ९.८७ ला नेटवर्क कार्डाचा संदेश, लिंक अप, १००० एमबीपीएस. १२ व्या सेकंदाच्या आसपास राउटरकडून आयपी मिळाला. म्हणजे माउंटने दार ठोठावलं तेव्हा अजून केबलमध्ये जीवसुद्धा आला नव्हता. हे चार आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि कित्येक दिवस न सुटलेलं कोडं दोन मिनिटांत सुटलं. तुम्हीही लिहाच, डोक्यात धरून ठेवलं की गल्लत होते.

या एररमध्ये आणखी एक गोम आहे. सर्व्हर उत्तर देत नसेल तर माउंटची कमांड काही वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, पण नेटवर्कच नसेल तर लगेच हार मानते. म्हणून अशा मशीनवर बूटला वेळ लागत नाही, कोणाचं लक्ष जात नाही, आणि फोल्डर मात्र रिकामं.

नेटवर्क "आलं" म्हणजे नेमकं काय

सिस्टमडीत नेटवर्कची दोन टार्गेट (बूटमधले टप्पे) आहेत आणि त्यांच्या नावांमुळे भलाभला माणूस फसतो. नेटवर्क.टार्गेट याचा अर्थ फक्त एवढाच की नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली. हातात आयपी आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हे खरं. तिथपर्यंत पोहोचायचं तर नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबावं लागतं.

एफएसटॅबमध्ये प्रकार एनएफएस लिहिलेला असेल तर सिस्टमडी ते माउंट आपोआप नेटवर्क-ऑनलाइनच्या मागे उभं करतो. त्यामुळे सगळीकडे सुचवला जाणारा _नेटडेव्ह हा ऑप्शन एनएफएससाठी सहसा लागत नाही. घातला तर अपाय नाही. आयस्कझीने (नेटवर्कवरून आख्खी डिस्क देण्याची पद्धत) आलेल्या डिस्कवर साधी एक्स्ट४ फाइल सिस्टीम असेल, तेव्हा मात्र तो हवाच, कारण ती डिस्क नेटवर्कपलीकडची आहे हे सिस्टमडीला नावावरून कळायला मार्ग नसतो.

मग आमचं माउंट थांबलं का नाही? कारण प्रत्यक्ष थांबण्याचं काम एक वेगळी सेवा करते. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर तिचं नाव नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस (एन आणि एम मोठे), सिस्टमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस. ही सेवा बंद असेल तर ऑनलाइन टार्गेट कोणासाठीही न थांबता लगेच पूर्ण झालं असं मानलं जातं. आमच्याकडे ती बंद होती. बूट लवकर व्हावा म्हणून ही सेवा बंद करा, असा सल्ला जागोजागी दिलेला असतो, आणि कोणीतरी तो पाळला होता. नेटवर्कवरचं काहीही बूटला लागत नसेल तर तो सल्ला ठीक आहे. एनएफएस असेल तर तोच मुळावर येतो.

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस
सुडो सिस्टमसीटीएल एनेबल नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस

दोन्हींपैकी तुमच्या मशीनवर जी व्यवस्था नेटवर्क सांभाळते तिचीच सेवा चालू करा. दोन्ही चालू केल्या तर जिच्याकडे काहीच काम नाही ती वेळ संपेपर्यंत वाट बघत बसू शकते, आणि बूट दोन मिनिटांपर्यंत लांबू शकतो.

नेटवर्कडीच्या मशीनवर दोन केबलची पोर्ट्स असतील आणि एकच वापरात असेल, तरी तसंच होतं. ती सेवा मूळ सेटिंगमध्ये आपल्या ताब्यातल्या सगळ्या कार्डांची वाट बघते आणि १२० सेकंदांनी नाद सोडते. न वापरलेल्या कार्डाच्या .नेटवर्क फाइलीत लिंक (एल मोठा) या विभागाखाली रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो लिहा. या सेटिंगमध्ये अक्षरांचा लहानमोठेपणा महत्त्वाचा आहे: आर, एफ आणि ओ ही तीन अक्षरं मोठी.

नेटवर्कमॅनेजरची एक बारीक खोच मला बऱ्याच उशिरा कळली. कनेक्शनला आयपीव्ही६ चा पत्ता आधी मिळाला तर तो काम झालं असं धरतो. आयपीव्ही४ मागाहून आला तरी चालेल, असं त्याचं मूळ धोरण. आणि आपला सर्व्हर तर १९२.१६८ वाल्या, म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्यावर बसलेला! सेवा चालू आहे, ऑनलाइन टार्गेटही गाठलं आहे, तरीही "अनरीचेबल" येत असेल, तर त्या कनेक्शनवर आयपीव्ही४.मे-फेल ही सेटिंग नो करा. एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ही कमांड त्यासाठीच आहे.

वायफायवरचा लॅपटॉप

इथे कारण बहुधा वेगळं निघतं. वायफायचा पासवर्ड त्या माणसाच्या कीरिंगमध्ये, म्हणजे लॉगिननंतर उघडणाऱ्या तिजोरीत ठेवलेला असतो. बूटच्या वेळी कोणी लॉगिन केलेलंच नसतं, तर पासवर्ड येणार कुठून? कनेक्शनच्या सेटिंगमध्ये "सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध" अशा अर्थाचा पर्याय चालू केला की पासवर्ड सिस्टीमकडे जातो आणि वायफाय लॉगिनआधीच जोडलं जातं. तरीही, घरी एक आणि ऑफिसात दुसरं नेटवर्क पकडणाऱ्या लॅपटॉपवर बूटला माउंट करण्याचा हट्ट धरू नये. त्याला खाली सांगितलेलं ऑटोमाउंटच बरं.

सर्व्हरचं नाव

"फेल्ड टू रिझॉल्व्ह सर्व्हर" किंवा "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन" हे एरर फक्त बूटलाच येत असतील, तर नेटवर्क आलं आहे, पण नावाचा आयपी सांगणारा अजून जागा नाही. शेवटी .लोकल असलेली नावं अवाही या सेवेकडून कळतात आणि ती उशिरा सुरू होऊ शकते. सोपा उपाय असा: राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा राखून ठेवा आणि प्रत्येक मशीनच्या /ईटीसी/होस्ट्स फाइलीत एक ओळ लिहा:

१९२.१६८.१.१०  भांडार

गेटएंट होस्ट्स भांडार या कमांडने तोच पत्ता परत आला की झालं. राउटरमध्ये पत्ता राखायचं टाळू नका. वीज गेल्यावर सर्व्हरला नवाच आयपी मिळाला आणि होस्ट्समध्ये जुना राहिला, तर हा सगळा शोध पहिल्यापासून करावा लागेल.

सगळं बरोबर आहे, पण सर्व्हरच उशिरा उठतो

वीज जाऊन येण्याच्या प्रसंगात खरी गाठ इथे पडते. डेस्कटॉपवर एसएसडी असते आणि ते पंधरा-वीस सेकंदांत लॉगिनला येतं. सर्व्हरला चार फिरत्या डिस्क जाग्या करायच्या असतात, रेड (अनेक डिस्क मिळून एक करणारी रचना) जुळवायचं असतं, कधी डिस्कची तपासणी करायची असते. मध्ये असलेला स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल आणि त्यावर स्पॅनिंग ट्री (केबलची वर्तुळं शोधून तोडणारी सोय) चालू असेल, तर केबलला लिंक मिळाल्यानंतरही पोर्ट साधारण ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही: १५ सेकंद ऐकण्याचे, १५ सेकंद शिकण्याचे. ज्या पोर्टवर साधी मशीन लागली आहेत तिथे पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही सेटिंग चालू केली की ही वाट बघणं वाचतं.

पण सर्व्हर तीन मिनिटांनी उठणार असेल तर नेटवर्क-ऑनलाइन काय करणार? त्याला आपलं नेटवर्क ठाऊक, समोरचा जागा आहे की नाही हे ठाऊक नाही. स्क्रीनवर "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं म्हणत सेकंद मोजले जातात आणि १ मिनिट ३० सेकंद झाले की सिस्टमडी माउंट मारून टाकतो. एनएफएसची माउंट कमांड स्वतः २ मिनिटं प्रयत्न करायला तयार असते, पण सिस्टमडीचं घड्याळ ९० सेकंदांचं, आणि तेच आधी वाजतं.

इथे बरेच जण आरसी.लोकलमध्ये (बूटच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) स्लीप ६० आणि खाली माउंट -ए लिहितात. मी स्वतः वर्षभर हेच केलं. साठ सेकंद कधी पुरतात, कधी नाहीत, आणि ज्या दिवशी गरज नसते त्या दिवशीही ते घालवावेच लागतात. हा उपाय करू नका.

चांगला उपाय ऑटोमाउंटचा. बूटच्या वेळी माउंट करायचंच नाही. त्या जागी फक्त एक पहारेकरी बसवायचा. कोणी फोल्डरात पाऊल टाकलं की तो त्या क्षणी माउंट करतो. ओळ अशी होते:

भांडार:/एसआरव्ही/काम  /एमएनटी/काम  एनएफएस  एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०,नोफेल,_नेटडेव्ह  ०  ०

ऑप्शनच्या यादीत स्वल्पविरामानंतर मोकळी जागा नको. एक स्पेस पडली तरी पूर्ण ओळ चुकते. फाइल सेव्ह केली की आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय देऊन ओळी तपासा, मग:

सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एमएनटी-काम.ऑटोमाउंट

डीमन-रीलोड विसरलात तर सिस्टमडी जुनीच ओळ धरून बसतो. फोल्डर आधीच माउंट असेल तर ते आधी उतरवा.

नोफेल म्हणजे हे माउंट झालं नाही तरी बूट अडवू नको. ३० सेकंदांची मर्यादा अशासाठी, की सर्व्हर बंद असताना कोणी फोल्डर उघडलं तर फाइल मॅनेजर दीड मिनिट गोठू नये. तीस सेकंदांनी एरर येतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं की पुन्हा प्रयत्न होतो. काही लेखांत सोबत नोऑटो घालायला सांगतात. ऑटोमाउंट असताना आताच्या सिस्टमडीत त्याने काही फरक पडत नाही.

दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. नुसतं /एमएनटी उघडून यादी बघितली तर माउंट होत नाही; आतल्या काममध्ये शिरावं लागतं. दुसरी अशी की एखादा प्रोग्रॅम सेकंदाला दहा वेळा त्या फोल्डरला धडका देत असेल आणि दर वेळी लगेच अपयश येत असेल, तर सिस्टमडी वैतागून पहारेकऱ्यालाच बंद करतो. स्टेटसमध्ये माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट दिसतं. मग सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड देऊन ऑटोमाउंट युनिट पुन्हा सुरू करायचं.

ऑटोमाउंट नको असेल, समजा फोल्डर उघडण्याआधीच ते तयार हवं असेल, तर बीजी हा जुना ऑप्शन आहे. सिस्टमडी तो ओळखतो, बूट अडवत नाही आणि मागच्या बाजूला प्रयत्न चालू ठेवतो, तेही १०,००० मिनिटं, म्हणजे जवळजवळ आठवडाभर.

सॉफ्ट या ऑप्शनपासून मात्र लांब राहा. बूट अडकतो म्हणून तो घालणारे पुष्कळ आहेत. मूळ सेटिंग हार्ड असते. तिच्यात सर्व्हर गायब झाला तर लिहिणारा प्रोग्रॅम थांबून राहतो आणि सर्व्हर परत आला की पुढे चालू लागतो. सॉफ्टमध्ये तो ठरावीक वेळाने एरर घेऊन सुटतो. प्रोग्रॅमने त्या एररकडे दुर्लक्ष केलं तर फाइल अर्धवट लिहिलेली राहते, आणि हे कोणाला कळतही नाही. फक्त वाचायच्या फोल्डरला तो एक वेळ चालेल, लोकांच्या कामाला नाही.

रिकाम्या फोल्डरात लिहिलं गेलं तर

आता तो प्रकार. माउंट झालं नव्हतं, पण /एमएनटी/काम हे फोल्डर तर तिथे होतंच, कारण माउंट करायला त्या जागी एक फोल्डर लागतंच. त्या मुलीला ते रिकामं दिसलं. तिने नवं फोल्डर बनवून काम सुरू केलं. लिहायची परवानगी होती, त्यामुळे कसलाही एरर नाही. दोन दिवसांचं काम तिच्या स्वतःच्या मशीनच्या डिस्कवर साठलं. तिसऱ्या दिवशी मी माउंट दुरुस्त केलं आणि सर्व्हरचं फोल्डर त्यावर येऊन बसलं. तिचं काम त्याखाली झाकलं गेलं. तिच्या दृष्टीने मीच ते पुसलं होतं, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो.

झाकलेलं बघायची युक्ती अशी:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ

आता /एमएनटी/मूळ/एमएनटी/काम मध्ये जा. बाइंड माउंट फक्त मूळ डिस्क दाखवतं, तिच्यावर चढवलेली माउंट्स नाही. म्हणून खालच्या फाइली जशाच्या तशा दिसतात. तिथून त्या सर्व्हरवर नवं नाव देऊन कॉपी करा, उघडून खात्री करा, आणि मगच खालच्या पुसा. डिस्क भरलेली दिसते पण फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या डीयू कमांडला कारण सापडत नाही, अशा वेळीही इथे बघा. रात्रीचा बॅकअप माउंट नसलेल्या फोल्डरात पडत राहिला की नेमकं असंच होतं.

पुन्हा घडू नये म्हणून रिकाम्या फोल्डरालाच कुलूप लावा. आधी ऑटोमाउंट युनिट आणि माउंट युनिट दोन्ही थांबवा, नाहीतर कमांड सर्व्हरवरच्या फोल्डरवर जाईल. मग:

सुडो सीएचॲटर +आय /एमएनटी/काम

आता माउंट नसताना त्यात रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा काही लिहिता येत नाही, आणि माउंट व्हायला मात्र काहीच अडथळा नाही. या लेखातलं एकच काम आज करणार असाल तर हे करा. एखादी सेवा त्या फोल्डरात लिहीत असेल तर तिच्या युनिट फाइलीत, युनिट (यू मोठा) या विभागात, रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/काम अशी ओळ घाला (आर, एम आणि एफ मोठे). माउंट झाल्याशिवाय ती सेवा सुरूच होणार नाही.

सर्व्हरकडे एक नजर

क्लायंट (फोल्डर जोडून घेणारी मशीन) सगळे बरोबर, माउंटही झालेलं, तरी फोल्डर रिकामं, असंही होतं. सर्व्हरवर डेटाची डिस्क हाताने माउंट करायची सवय असेल आणि वीज आल्यावर ते राहून गेलं, तर सर्व्हर त्या जागचं रिकामं फोल्डरच इमानाने वाटत बसतो. डिस्क सर्व्हरच्या एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने; हा शब्द मोठ्या अक्षरांत) लिहा आणि एक्सपोर्टच्या ओळीत एमपी हा ऑप्शन घाला. मग त्या जागी डिस्क खरोखर माउंट असेल तरच फोल्डर एक्सपोर्ट होतं.

सर्व्हर नुकताच उठलेला असताना फोल्डर दिसतं, पण फाइल उघडायला गेलं की दीड मिनिट काहीच होत नाही, याला घाबरू नका. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर रीबूटनंतर काही काळ, सहसा ९० सेकंद, फक्त जुन्या क्लायंटना त्यांच्या आधीच्या उघड्या फाइली आणि लॉक परत मागू देतो. नव्या मागण्या तोवर थांबतात. या वेळात कोणी घाईने सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मशीन बूटच होईना

एनएफएसचं माउंट फसलं म्हणून मशीन सहसा इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या अर्धवट बूटमध्ये) जात नाही. ते स्थानिक डिस्कच्या ओळीमुळे होतं. पण घाईत ओळ चुकली, शेजारच्या ओळीला धक्का लागला, तर जाऊ शकतं. ग्रबच्या (लिनक्स सुरू होण्याआधी येणाऱ्या) मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टमडी.युनिट=इमर्जन्सी.टार्गेट जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. रूटचा पासवर्ड दिल्यावर माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / देऊन डिस्क लिहिण्याजोगी करा आणि जपून ठेवलेली एफएसटॅबची प्रत परत जागेवर ठेवा. उबुंटूवर रूटचा पासवर्ड मुळात दिलेला नसतो. तिथे रिकव्हरी मोड उपयोगी पडतो, नाहीतर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून फाइल दुरुस्त करा.

चाचणी, वीज जाण्याची वाट न बघता

शनिवारी सगळे घरी गेल्यावर हे करा. पहिल्यांदा सर्व्हर चालू ठेवून एक मशीन रीबूट करा आणि सिस्टमसीटीएल --फेल्ड ची यादी रिकामी आहे का बघा. मग मशीन बंद करा, केबल काढा, तसंच चालू करा, लॉगिनला यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि केबल लावून फोल्डर उघडा. शेवटी सर्व्हर बंद करून मशीन चालू करा. फोल्डर उघडून बघा: तीस सेकंदांनी एरर यायला हवा, रिकामी यादी दिसता कामा नये. त्यात एक फाइल बनवायचा प्रयत्न करा. ती बनता कामा नये. आता सर्व्हर चालू करा, पाच मिनिटं जाऊ द्या, त्या मशीनला हात न लावता तेच फोल्डर पुन्हा उघडा आणि शुक्रवारी सेव्ह केलेली एखादी फाइल त्यात शोधा.